टाचणाचं लाल पान

गुरुजी कुणालाही विचारायचे, "उद्देश काय?"

सरपंच शाळेत आले तरी हेच, दूधवाला आला तरी हेच. एकदा तालुक्याहून तपासणीला साहेब आले. जीपमधून उतरून ते रुमालानं मान पुसतायत तोवर गुरुजी हात जोडून पुढे झाले. "या साहेब. आजच्या भेटीचा उद्देश काय?" साहेब गोंधळले. हा म्हातारा टोमणा मारतोय असं त्यांना वाटलं असणार. टोमणा गुरुजींना मारताच यायचा नाही. पाठाआधी जसा पाठाचा उद्देश लिहायचा, तसा माणसानं प्रत्येक कामाआधी तो मनात धरावा, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "खरं सांगू का गुरुजी? वरून सांगितलं म्हणून आलो." गुरुजी एकदम खूश. "खरं सांगितलंत. बसा, चहा मागवतो."

ईदला मी एकदा दौंडला त्यांच्या घरी गेले होते. भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली आणि तक्रारच सुरू केली. "बाई, तुम्ही यांच्यासंगं दिवसाचे सहा तास काढता. मी तीस वर्षं काढली. लगीन झालं तवा पहिल्याच दिवशी मला इचारलं, संसाराचा उद्देश काय? मी म्हटलं, आधी जेवून घ्या, मग सांगते."

"मग सांगितलात का?" मी विचारलं.

"अजून जेवतायत की," भाभी म्हणाल्या. गुरुजी कोपऱ्यात बसून मान खाली घालून हसत होते.

आमची शाळा यवत आणि भांडगावच्या मध्ये, हायवेपासून आत एका वस्तीवर. दोन खोल्या, चार वर्ग आणि दोन शिक्षक, एक गुरुजी आणि एक मी. मी मूळची शिरूरची, लग्न होऊन यवतला आले आणि वर्षभरात या शाळेवर रुजू झाले. गुरुजी दौंडचे. वडील रेल्वेत होते, चार भाऊही रेल्वेत, हे एकटेच मास्तर निघाले. सकाळच्या पॅसेंजरनं यवत स्टेशनला उतरायचं, चहाच्या टपरीमागे ठेवलेली सायकल काढायची आणि धुळीच्या रस्त्यानं शाळेत यायचं, असा त्यांचा वीस वर्षांचा क्रम होता. गाडीला उशीर झाला तर पोरं रस्त्यावर येऊन उभी राहायची. सायकल दिसली की ओरडायची, "आलं, गुर्जी आलं!" आणि वर्गात पळायची.

त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. चढायचा तो माझा. माझा आवाज हायवेवरच्या ट्रकवाल्याला ऐकू जातो असं आमच्या घरी म्हणतात आणि ते काही खोटं नाही. एक पोरगा रोज उशिरा यायचा, शेळ्या बांधून. मी त्याला दारातच फैलावर घ्यायची. गुरुजी त्यालाच काय, कुणालाच दारात उभं करायचे नाहीत. "आला ना? आला तो आपला," म्हणायचे आणि फळ्याकडे वळायचे.

आता त्यांच्या खऱ्या वेडाविषयी सांगते. उद्या काय शिकवायचं, कसं, कशासाठी, हे शिक्षकानं आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं असतं. त्याला आम्ही टाचण म्हणतो. नव्या शिक्षकाला त्याची भीती असते आणि जुना शिक्षक ते वर्षाच्या शेवटी एका बैठकीत उरकतो. गुरुजींची पंचवीसहून जास्त वर्षं नोकरी झालेली, तरी रोजचं टाचण रोज लिहायचे, निळ्या शाईनं. आणि पाठ झाला, पोरं खेळायला गेली, की वर्गात सगळ्यात मागे, सगळ्यात लहान पोर बसतं त्या जागेवर सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि लाल शाईनं स्वतःच्याच पाठाचं निरीक्षण लिहायचे. साहेब लिहितात तसं. 'गुरुजींनी आज घाई केली.' 'गुरुजींना खिडकीजवळची मुलगी दिसली नाही.' 'उदाहरण बैलगाडीचं घेतलं, आता पोरांच्या घरी बैलगाडी नाही.' स्वतःला दहापैकी गुणही द्यायचे. सातच्या वर गेलेले मी पाहिले नाहीत.

मी एकदा म्हटलं, "सर, सहा काय दिलेत? पाठ तर इतका छान झाला."

"बाई, तुम्ही पुढून पाहिलात," ते म्हणाले. "मी मागून पाहिला."

एक मेला झेंडावंदन आणि निकाल झाला, की वर्षभराच्या टाचणवह्या सुतळीनं बांधायच्या, सायकलच्या कॅरिअरला लावायच्या आणि यवतच्या एसटी स्टँडवरच्या भेळवाल्याला देऊन टाकायच्या, हा त्यांचा नेम होता. तिथंच उभं राहून आपल्याच टाचणाच्या पुड्यात भेळ खायची, कागद उलगडून एकदा वाचायचा, आणि स्टेशनचा रस्ता धरायचा. मी विचारलं तर म्हणाले, "वही घरात राहिली की हात तिकडं जातो. पुढच्या वर्षी पोरं नवी असतात. त्यांना मागच्या पोरांचं उष्टं का वाढायचं?" हे ऐकून मी मान डोलावली होती. माझ्या घरी तेव्हा दोन लहान मुलं होती आणि टाचण लिहायला माझ्याकडे वेळ नव्हता, हे मी बोलले नाही.

त्या काळी नोकरीतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी एक वरच्या पायरीचं प्रशिक्षण होतं. वर्षभर शनिवार-रविवार पुण्याला जायचं, लेखी परीक्षा द्यायची, आणि शेवटी परक्या शाळेत, परक्या पोरांपुढे, तीन परीक्षकांसमोर पाठ घ्यायचा. पास झालं की सरकार दोन जादा वेतनवाढी द्यायचं. नोकरीची सगळी हकिगत ज्यात लिहितात त्या सेवापुस्तकात एक ओळही यायची, 'उच्च प्रशिक्षित शिक्षक'. आमच्या भागातून गुरुजी पहिल्या तुकडीत पास झाले होते. ती ओळ त्यांनी मला तारखेसह तोंडपाठ म्हणून दाखवली होती.

मग निधी नाही म्हणून सरकारनं त्या वाढी बंद केल्या. कचेरीतल्या कारकुनानं सगळ्यांच्या सेवापुस्तकातल्या त्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारली आणि बाजूला 'रद्द' लिहिलं. बाकीच्यांनी सरकारला दोन दिवस शिव्या घातल्या आणि कामाला लागले. गुरुजी मात्र कचेरीतून आले ते खुर्चीत बसूनच राहिले. डबा उघडला नाही.

"बाई, पैसे गेले ते जाऊ देत," ते शेवटी म्हणाले. "पण रेघ का मारली? मी नापास झालो होतो का?"

मी म्हटलं, "सर, कागदावरची रेघ ती."

"आपलं सगळं कागदावरच असतं हो," ते म्हणाले.

निवृत्तीआधी ती रेघ निघावी, याखेरीज त्यांनी पुढे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यासाठी त्यांनी मोर्चा काढला नाही, संघटनेच्या सभेत भाषण केलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला शिक्षणमंत्र्यांना एक पोस्टकार्ड टाकायला लागले. पाकीट नाही, उघडं कार्ड. "वाटेतल्या माणसांनी पण वाचावं," म्हणायचे. वर पहिली ओळ ठरलेली, 'उद्देश: उच्च प्रशिक्षित शिक्षकांसाठीचा निधी पुन्हा सुरू व्हावा.' खाली त्या महिन्यात वर्गात घडलेलं काहीतरी चार ओळींत. कुणाला वजाबाकी कशी आली, कुणी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. चांगलं शिकवणं म्हणजे काय आणि सरकारनं त्याची किंमत का ठेवावी, हे मंत्र्यांना कळावं म्हणून. मंत्री बदलत गेले, कार्डं जात राहिली. मंत्र्यांनी वाचली की नाही देव जाणे, पण आमचा पोस्टमन न चुकता वाचायचा. मला बाजारात भेटला की विचारायचा, "बाई, त्या पोरीला भागाकार आला का वो? मागल्या कार्डात येत न्हवता."

वाढी बंद असल्यावर प्रशिक्षणाला जायला कोण तयार होणार? गुरुजींनी आसपासच्या शाळांतले सहा-सात जण गाठून गाठून पाठवले. मलाही पाठवलं. शनिवारी माझे वर्ग स्वतः सांभाळले. शेवटच्या पाठाच्या आधी पंधरा दिवस शाळा सुटल्यावर ते सतरंजीवर पोर होऊन बसायचे आणि मला पाठ घ्यायला लावायचे. मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचे, मध्येच पेन्सिल हरवायचे, रडायचे. त्यांचं रडणं बघून वस्तीवरची एक म्हातारी धावत आली होती, "काय झालं वो गुर्जीला?" म्हणून. मी पास झाले तेव्हा दौंडहून पेढे त्यांनी आणले.

त्याच वर्षी भाभींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एक मेला निकाल लावून गुरुजींना थेट पुण्याला जायचं होतं. वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "बाई, तुमच्या वाटेवरच आहे. एवढं भेळवाल्याला द्याल?"

"देते की."

दिला नाही. स्टँडपर्यंत गेले, गठ्ठा उघडून चार पानं चाळली आणि परत पिशवीत टाकला. असं टाचण मी जन्मात लिहू शकले नसते. शाळेची सतरंजी उसवली तर तिच्यावरूनच क्षेत्रफळ शिकवलेलं, कडुनिंबाच्या पानांवरून सम-विषम संख्या. आम्ही वर्ग आलटून पालटून घेत असू, त्यामुळे त्यांचं या वर्षीचं टाचण पुढच्या वर्षी मला जसंच्या तसं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी भेळवाल्याला मी घरची वर्तमानपत्रांची रद्दी दिली आणि गुरुजींनी पाठवलीय म्हणून सांगितलं.

जूनपासून मी ते उतरवायला लागले. निळी शाई तेवढी उतरवायची, लाल पानं तशीच उलटायची. दुसऱ्याच्या चुका वाचून मला काय करायचंय, असा माझा विचार. पुढच्या एक मेला मीच म्हटलं, "सर, द्या गठ्ठा, मी देते. तुम्ही कुठं कॅरिअरला बांधत बसता?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गठ्ठा दिला. त्याच्या पुढच्या वर्षीही दिला. तीन वर्षांचे तीन गठ्ठे आमच्या माळ्यावर, गव्हाच्या कोठीमागे पोत्याखाली. मी चोरी करतेय असं मला त्या वेळी वाटलं नाही, हेही सांगून टाकते. रद्दीत जाणारी वस्तू मी वाचवली असं वाटायचं.

तिसरा गठ्ठा आला त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बातमी आली की सरकारनं निधी पुन्हा सुरू केला. दोन वाढी परत मिळणार आणि सेवापुस्तकातली ओळही परत येणार. बातमी घेऊन पोस्टमनच आला, शाळेत सायकलसकट घुसला. "गुर्जी, तुमच्या कार्डांनी केलं बघा!" गुरुजी हसले, पण डोळ्यांतून पाणी काढून हसले. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते.

आदेशात एक अट होती. प्रशिक्षण घेतलेला शिक्षक खरोखर त्याप्रमाणे शिकवतो याचा पुरावा म्हणून मागच्या तीन पूर्ण वर्षांची टाचणं कचेरीत दाखवायची.

आमच्या भागात जी धांदल उडाली ती काय सांगू! ज्यांनी तीन वर्षांत टाचणाला हात लावला नव्हता, त्यांनी वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आणले. नवऱ्यानं सांगायचं, बायकोनं लिहायचं. वह्या जुन्या दिसाव्यात म्हणून एकानं चहाच्या पाण्याचा हात फिरवून गच्चीवर वाळत घातल्या, तर माकडांनी दोन नेल्या. तो माकडांच्या मागे धावताना सगळ्या गल्लीनं पाहिला.

आणि रोजचं टाचण रोज लिहिणाऱ्या एकट्या गुरुजींकडे त्या तीन वर्षांची एकही वही नव्हती.

सगळ्यांनी त्यांना समजावलं, चार दिवसांत लिहून काढा म्हणून. गुरुजी म्हणाले, "टाचण उद्याच्या वर्गासाठी असतं. होऊन गेलेल्या वर्गाचं लिहिलं तर त्याचा उद्देश काय?"

मी पण म्हटलं. हे सांगताना आज माझी मलाच शरम वाटते. मी म्हटलं, "सर, मी लिहून देऊ का तुमच्या वह्या?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही? नको," ते म्हणाले. "तुमच्या तुम्ही न्या बाई. तुमचं नुकसान नको व्हायला."

त्या चार दिवसांत मी दोनदा माळ्यावर चढले. एकदा पहिला गठ्ठा खालीही आणला. पण त्यांच्या वह्या टेबलावर आल्या असत्या, तर शेजारीच माझ्या आल्या असत्या. एकाच शाळेचे दोघं, नावं एकाखाली एक. तीच सतरंजी, तीच कडुनिंबाची पानं. माझी नक्कल लहान पोरानंही ओळखली असती. माझ्या नवऱ्यानं घराच्या दोन खोल्या वाढवायचं ठरवलं होतं, सासरी सगळ्यांना माझ्या परीक्षेचं कौतुक होतं, आणि मुख्य म्हणजे गुरुजींसमोर मी कोण ठरले असते? मी गठ्ठा परत वर ठेवला. भित्री होते मी. याला दुसरा शब्द नाही.

कचेरीत वह्या तपासायला बसलेले साहेब तेच होते, ज्यांना गुरुजींनी जीपमधून उतरताना उद्देश विचारला होता. माझ्या वह्या त्यांनी चाळल्या, दोन ठिकाणी थांबून वाचल्या. "वा बाई! सतरंजीचं उदाहरण फारच सुंदर." मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

पुढचं नाव गुरुजींचं. ते रिकाम्या हातांनी उभे राहिले.

"गुरुजी, एखादी तरी वही असेल की," साहेब अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. "एका वर्षाची असली तरी मी बघतो काय करता येतं ते."

"होत्या साहेब. दिल्या."

"कुणाला दिल्या?"

माझी खुर्ची त्यांच्यापासून हातभर लांब. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "ज्याला उपयोग होता त्याला."

मागून कुणीतरी ओरडलं, "भेळवाल्याला!" आणि सगळी खोली हसली. मी पण हसले.

हसू थांबल्यावर गुरुजी म्हणाले, "साहेब, वही नाही. पण पाठ आहे. घेऊ का? इथंच घेतो." साहेबांनी नको म्हणायच्या आत मागचे दोघं खुर्च्या सरकवून खाली फरशीवर बसले. बघता बघता सगळेच बसले, पन्नाशीला आलेले, टक्कल पडलेले, मांडी घालून. गुरुजींनी एक कोरा कागद घेतला आणि अर्धा आणि पाव शिकवायला सुरुवात केली. त्यांच्याकडूनच शिकलेली ती माणसं तिसरीची पोरं झाली. एकानं हात वर करून मुद्दाम सांगितलं, "गुर्जी, पाव मोठा. पावात चार आहे, अर्ध्यात दोनच." गुरुजी हसले नाहीत. त्याच्याजवळ गेले, वाकले, आणि म्हणाले, "असं वाटलं होय तुला? बरोबर आहे, मलाही आधी तसंच वाटायचं. हा घे कागद. घडी घाल बरं." दहा मिनिटं कचेरीत तिसरीचा वर्ग चालला. दारात शिपाई येऊन उभा राहिला, कारकून फायली सोडून आले.

पाठ संपला तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग तो परत लावला आणि गुरुजींच्या नावापुढे लिहिलं, 'टाचण उपलब्ध नाही.' त्यांच्या हातात तेवढंच होतं.

महिन्याभरानं यादी लागली. चहाच्या पाण्यानं जुन्या केलेल्या वह्यांचा मालक तिच्यात होता, मी होते, गुरुजी नव्हते. त्यांनी यादी पूर्ण वाचली, ज्यांना त्यांनी प्रशिक्षणाला पाठवलं होतं त्या एकेकाच्या नावावर बोट ठेवत. "सगळे आले," म्हणाले. त्यानंतरच्या एक तारखेला ते नेहमीसारखं कार्ड लिहायला बसले, तेव्हा मला राहवलं नाही.

"आता कुणाला लिहिताय सर?"

"मंत्र्यांना. आभाराचं." त्यांनी टोपण काढून शाई बघितली. "एवढी वर्षं मागितलं, दिलं. आभार नकोत मानायला?"

ते त्यांचं शेवटचं कार्ड. एक मेला निकाल लावून ते निवृत्त झाले. वस्तीनं फेटा बांधला, बायकांनी ओवाळलं, उशिरा येणारा तो पोरगा, एव्हाना हायस्कुलात गेलेला, सायकल स्टेशनपर्यंत हातात धरून चालत गेला. त्या वर्षी त्यांनी मला गठ्ठा दिला नाही, मी मागितलाही नाही. पुढे माझी बदली शिरूर तालुक्यात झाली. दौंडला भेटायला जाईन जाईन म्हणत राहिले. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, असं म्हणणं जास्त खरं. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी ते गेले. मला पाच दिवसांनी कळलं.

दौंडला भाभींना भेटून येताना यवतच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले. भेळवाला तिथंच होता, केस पांढरे झालेले. त्यानं मला ओळखलं.

"गुर्जी गेलं म्हनं," तो म्हणाला. कांदा चिरायचा थांबला होता. "लई वंगाळ झालं."

"तुमच्याकडं शेवटचे कधी आले होते मामा?"

"शेवटच्या निकालाला आलं की. वह्या घिऊन. त्याच्या आधी तीन वरसं वह्या न्हवत्या, तुम्ही पेपर दिलं ना." त्यानं सहज सांगितलं. मी पिशवी खाली ठेवली.

"त्यांना माहीत होतं?"

"व्हय की. दर साली भेळ खायाला यायचं. कागद उलगडून बगायचं, तर पेपर! मी म्हनलं, गुर्जी, बाईंनी हेच दिलंय, वह्या कुठं गेल्या इचारू का? तर म्हनलं, इचारू नका. त्यांच्याकडं हायत, त्यांच्या कामाला येत्यात. भेळीपरीस बरं." तो पुन्हा कांद्याकडे वळला. "भेळ देऊ का बाई?"

मी भेळ घेतली नाही. शिरूरला घरी आले, पत्र्याची पेटी ओढली. बदलीच्या सामानात ते तीन गठ्ठे माझ्याबरोबर आले होते, तसेच सुतळीत. पहिल्या गठ्ठ्यात गुरुजींचं नेहमीचं बारीक, घाईचं अक्षर होतं. दुसऱ्यात अक्षर मोठं झालेलं, सुटं, कुणालाही लागावं असं. तिसऱ्यात तर साहित्य कुठून आणायचं, पोरांनी काय विचारलं तर काय सांगायचं, सगळं पायरीपायरीनं लिहिलेलं. सव्वीस-सत्तावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ते स्वतःसाठी लिहायची गरज नव्हती. उतरवून घेताना मी म्हणायची, म्हातारपणी गुरुजींचं अक्षर सुधारलं.

मग मी त्या शेवटच्या दोन गठ्ठ्यांतली लाल पानं वाचली, पहिल्यांदा. 'आवाज चढला. चढवू नये, पोरं मिटतात.' 'दारात उभं केलं. शेळ्या बांधून येतो, त्याला आधी पाणी विचारावं.' 'फळ्याकडे तोंड करून बोललं गेलं.' त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. दारात कुणाला त्यांनी उभं केलं नव्हतं. पानामागून पान त्यांनी माझी निरीक्षणं लिहिली होती, माझं नाव न घेता, आणि दोन्ही वर्षी स्वतःच्या हातानं माझ्याकडे दिली होती. मी ती उलटत गेले होते.

तिसऱ्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर गुण होते. दहापैकी आठ. खाली लाल शाईत दोन ओळी होत्या:

'पाठ आता चांगले होतात. बाईंनी पुढच्या वर्षीपासून स्वतःचं टाचण स्वतः लिहावं. जमेल.'

तपासणीच्या दिवसांत हे पान माझ्या माळ्यावर होतं. मी पास झाले त्या वह्यांमध्ये ते नव्हतं. ते मी उतरवलंच नव्हतं.